टाचणीचा रक्तगट

सोमवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. हे बाजारातून घेऊन आले, गुलाबी पुठ्ठ्याची, वर मांजराचं पिल्लू. चोपन्नाव्या वर्षी मी मांजराच्या पिल्लाआड बसून राग काढायचा. यांना म्हटलं, साधी वही नव्हती का? म्हणाले, "होती. पण ती बघूनही तू चिडलीच असतीस."

तर आजचा राग. मुख्याध्यापकांना आम्ही आपापसात 'परिपत्रक' म्हणतो, कारण हा माणूस "चहा घेता का" हेसुद्धा संदर्भ क्रमांक लावून विचारेल. आज त्यांनी फर्मावलं की महिनाअखेरीला तपासणी आहे, तेव्हा प्रत्येक विज्ञान शिक्षकाने एक तरी धडा 'शोधातून' शिकवायचा. म्हणजे मुलं गुप्तहेर आणि आम्ही विदूषक. सव्वीस वर्षं मी खडू, फळा आणि धाक एवढ्यावर आनुवंशिकता शिकवली. कुणाचं काही अडलं नाही.

नववीला रक्तगटांचा धडा आलाय. ठरवलं: एक बाळ, एक आई, तीन पुरुष. पाचही जणांचं 'रक्त' तपासायचं आणि बाळाचा बाप शोधायचा. रक्त अर्थात खोटं. दुधात लाल रंग, वरून व्हिनेगर. दूध फाटतं तसंच खऱ्या चाचणीत रक्ताच्या गुठळ्या होतात. कुठे गुठळ्या झाल्या, कुठे नाही, यावरून गट कळतो. प्रयोगशाळेतल्या मामांना साहित्य तयार ठेवायला सांगितलं.

प्रयोगशाळेत पाय ठेवला की अन्न वर येतं. बरण्यांतले बेडूक माझ्याही आधीपासून नोकरीला आहेत. एकाची कातडी सुटून तळाशी बसलीय. मोरीत कुणीतरी चहाचा चोथा टाकलाय, त्यावर केसाळ बुरशी. शाळेत काही म्हणजे काही टाकायचं नसतं, या नियमाने आम्ही बुरशीसुद्धा सांभाळतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर

मामांनी दूध काल सकाळीच कालवून ठेवलं, तेही फ्रिजबाहेर. आज झाकण काढलं तर पहिल्या दोन बाकांवरच्या पोरी नाक धरून उठल्या. फाटलं नव्हतं एवढं नशीब. मामांना विचारलं, फ्रिजात का नाही ठेवलं? म्हणाले, "बाई, फ्रिज बंदच असतो की. त्याच्या बटणावर सरांचा माइक चार्जिंगला असतो. सुट्ट्यांत तर मी तो बोर्डच बंद करून जातो." या शाळेत भाषण नासू नये म्हणून दूध नासतं.

पण पोरं खूश. नासक्या दुधात हात घालून बाळाचा बाप शोधत होती. "दुसरा नंबरवाला सुटला!" "तिसऱ्याला धरा!" असा गलका. मला शिसारी आली. एका बाईचा आणि बाळाचा प्रश्न, आणि वर्ग असा किंचाळतोय की जणू सामना चाललाय. मी काही बोलले नाही, कारण धडा समजत होता. शेवटच्या बाकावरच्या वकिलाला (याला मी वकील म्हणते, शिक्षा सांगितली की अपील करतो) इतकंसुद्धा समजलं की एबी माणूस प्रत्येक मुलाला एकतर ए देणार नाहीतर बी देणार, त्यामुळे त्याचं मूल ओ असूच शकत नाही. हे त्याने स्वतःहून सांगितलं. वकिलाला!

त्यानेच विचारलं, "बाई, खऱ्या रक्तावर नाही का करायचं?"

वर्गाने री ओढली. म्हटलं, बरं. गृहपाठ: घरी आईवडिलांचा गट विचारून या, आपला गट गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलाय तो घ्या, तक्ता काढा, निष्कर्ष लिहा. ओळखपत्रावरचे गट भरवशाचे आहेत. तीन वर्षांपूर्वी आरोग्य खातं तारीख देईना, तेव्हा पाचवी ते सातवीची मुलं मी एका सकाळीत एकटीने तपासली होती.

तास संपताना सगळ्यांचे गट फळ्यावर मोजले. अडतीस मुलं: ओ पंचवीस, ए तेरा. बी नाही, एबी नाही. गणिताची नवी बाई पुढच्या तासासाठी दारात उभी होती. म्हणाली, "बाई, बी एकही नाही?" मी म्हटलं, तुम्ही अपूर्णांक बघा, रक्त मी बघते. मग पुन्हा म्हणते कशी, घरचे गट मागवणं बरं दिसेल का? तिला शाळेत येऊन सात महिने झालेत. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

वह्या तपासल्या. एका वहीवर तेलाचे डाग, एकीत चिकटलेलं चॉकलेट, एकीत मेलेला डास, तोही भरलेला. त्याचा रक्तगट तेवढा लिहायचा राहिला होता. दोन-तीन तक्ते चुकीचे, ओढूनताणून जुळवलेले, बाकी ठीक.

मग टाचणीची वही. टाचणी म्हणजे पहिल्या बाकावरची, अंगाने काडी आणि डोकं मोठं, आत ठासून भरलेलं. गेली तीन वर्षं विज्ञानात पहिली. तिची वही नेहमी मी शेवटी ठेवते, तोंडाची चव बदलायला.

वडील एबी. आई ओ. मुलगी ओ.

तक्ता पट्टीने आखलेला. खाली निळ्या शाईत: "निष्कर्ष: शक्य नाही. माझी चूक कुठे झाली ते बाईंनी सांगावे."

मी तक्ता तीनदा तपासला. तिची चूक नव्हतीच. चूक करणारी कोण ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तिची आई कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरला असते. लिपस्टिक लावते, गिऱ्हाइकांशी खळखळून हसते. पाव बांधून देताना एवढं हसण्यासारखं काय असतं? मला ते हसणं कधीच आवडलं नव्हतं. आता कारण कळलं. असल्या बायका मजा मारतात आणि निस्तरायचं पोरांनी. किळस आली. त्या दुकानातला पाव पुन्हा घरात आणणार नाही.

वहीत लाल शाईने लिहिलं, "तक्ता बरोबर." दुसरं काय लिहिणार?

चित्रकलेच्या बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना सहज वही दाखवली. त्यांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून समजावून सांगावं लागलं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

शिक्षकांची खोली म्हणजे उकिरडा. सकाळी चहा येण्याआधीच सगळ्यांना ठाऊक! मी एकीला सांगितलं होतं, तर अकरा जण चघळत होते. कवायतीचे सर म्हणाले, नाक बेकरीवाल्याचं आहे. कुणी म्हणालं, छे, दुधवाल्याचं. चित्रकलेच्या बाईंनी तर खडूने मेजावर नाक काढून दाखवलं. चौदा वर्षांच्या पोरीचं नाक! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. मी कप आपटून बाहेर आले.

नववीच्या तासाला माझं लक्ष मात्र टाचणीच्या कानाकडेच जात होतं. कानाची पाळी चिकटलेली असते की सुटी, हेही आनुवंशिक असतं म्हणतात. तिची सुटी आहे. बेकरीवाल्याची चिकटलेली. हे मला कसं माहीत, तर सकाळी मी तिकडून वळसा घालून आले होते. शास्त्रीय कुतूहल, दुसरं काही नाही.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "बाई, माझी चूक सापडली?"

"तक्ता बरोबर आहे."

"मग?"

"मग काय? बस जागेवर."

ती बसली. वही छातीशी धरून बसली होती. मला तिचा राग आला. एवढी हुशार, आणि गप्प बसण्याइतकी अक्कल नाही! तक्ता चुकवून आणायचा होता. दुसऱ्यांनी आणलेच की.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

तिचा बाप शाळेत आला. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. कामावरून तसाच आला होता, हातांना काळं ग्रीस, आणि त्याच हातांत पोरीची वही. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा. दुसऱ्या हातात रक्तदात्याचं कार्ड. एकतीस वेळा रक्त दिलंय, आणि ते सांगताना नकळत ताठ झाला.

"बाई, पोरीनं दाखवलं. मला यातलं समजत नाही. हे 'शक्य नाही' म्हणजे काय?"

मी म्हटलं, त्याचा अर्थ तिथे लिहिलाय तोच.

"माझा गट चुकला असेल?"

"एकतीस वेळा चुकेल का?"

"तिच्या आईचा?"

"बाळंतपणाच्या कागदावर असेल तो बघा."

"बघितला. ओ." त्याने बोटं पॅन्टला पुसली, पुन्हा वही धरली. "मग पोरीचा? ओळखपत्रावर चुकून..."

मला राग आला, खरं सांगते. आपल्या घरातली घाण निघाली की लोक आधी शाळेवर ढकलतात. म्हटलं, "ओळखपत्राचा गट मी स्वतः काढलाय. आणि विज्ञान खोटं बोलत नाही."

त्याने वही मिटली, कार्ड खिशात घातलं. मग म्हणाला, "आभारी आहे, बाई." आभार! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. तो गेल्यावर टेबलावरचा ग्रीसचा डाग दोनदा पुसला. निघाला नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

टाचणी काल आली नाही, आज आली नाही. पहिला बाक पडक्या दातासारखा दिसतो.

मधल्या सुट्टीत तिची आई आली. लिपस्टिक नव्हती. वर्गाच्या दारातच उभी राहिली.

"बाई, तुम्ही माझ्या नवऱ्याला काय सांगितलं?"

"मी काही सांगितलं नाही. तक्ता सांगतो."

"तक्त्याला विचारलंत. मला कुणी विचारलंत का? तुम्ही नाही, त्यानंही नाही. त्यानं एवढंच विचारलं, कुणाची आहे. पोरीसमोर. पोरगी ताट वाढत होती."

मी म्हटलं, हे तुमचं घरचं आहे.

ती हसली. तेच काउंटरवरचं हसणं, फक्त आवाज नव्हता. "घरचं? बाई, सकाळी पाव घ्यायला येणारी तुमच्या शाळेतली माणसं माझ्या मालकाच्या कानाकडे बघतात."

ती बहिणीकडे राहायला गेलीय, पोरीला घेऊन. दाखल्यासाठी अर्ज देऊन गेली. अर्जावर अक्षर टाचणीचं. एकही चूक नाही.

यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "आणि तुला कुणी सांगितलं होतं लोकांचे बाप शोधायला?" मी ताट सरकवलं. यांना विज्ञानातलं काही कळत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

गणिताची नवी बाई माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. हातात कागद. नववीच्या तिन्ही तुकड्यांच्या ओळखपत्रांवरचे गट तिने उतरवले होते. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

"बाई, एकशे बारा मुलं. ओ आणि ए. एकशे बारांत एक बी नाही, एक एबी नाही. माझ्या एकटीच्या घरात तीन बी आहेत."

मी म्हटलं, योगायोग.

"एकशे बारांचा?"

"तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मला काहीच म्हणायचं नाही, बाई. आकडेच असं म्हणतायत." आणि चेहरा असा की तिलाच शिक्षा झालीय.

अंगाचा तिळपापड झाला. तिला दाखवून द्यायचं म्हणून तरातरा प्रयोगशाळेत गेले आणि फ्रिज उघडला. तो अर्थात बंद. आत ओला वास, काळा पडलेला अर्धा लिंबू आणि त्यामागे तीन वर्षांपूर्वीच्या त्या रक्ततपासणीच्या दोन बाटल्या, निळी आणि पिवळी. निळीचा थेंब ए ओळखतो, पिवळीचा बी. तीन वर्षांत त्यांना कुणी हात लावला नव्हता. शाळेत काही टाकायचं नसतं ना.

निळीवर मुदत होती, त्या रक्ततपासणीच्या वर्षीची. ती मी नवी आणली होती, कारण जुनी मामांच्या हातून फुटली. पिवळी मात्र फुटली नव्हती. ती आधीच्या वर्षांची, अर्धी शिल्लक, म्हणून मी तीच वापरली. मुदत रक्ततपासणीच्या चौदा महिने आधीच संपलेली. लेबलावर माझ्याच अक्षरात: "अर्धी आहे. वापरावी."

मुदत संपली म्हणजे लगेच बिघडते असं नाही. मी तसं वाटून घेतलं. पण या बंद फ्रिजात त्या बाटलीने त्याआधी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या काढल्या होत्या.

आणि एक आठवलं. त्या वेळी सहावीतल्या एका मुलाच्या आईने चिठ्ठी पाठवली होती: डॉक्टरांनी याचा गट बी सांगितलाय, शाळेने ओ लिहिलाय. त्या चिठ्ठीवर मी शेरा मारला होता, "शाळेचा अहवाल ग्राह्य धरावा."

शनिवार, १६ नोव्हेंबर

पिवळी बाटली पिशवीतून घरी आणली. यांचा गट बी आहे, दोन शस्त्रक्रियांच्या कागदांवर तसा लिहिलाय. म्हटलं, बोट द्या. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आता माझाही बाप शोधतेस का?" पण बोट दिलं.

काचपट्टीवर यांच्या रक्ताचा थेंब, त्यावर पिवळीचा थेंब. काडीने ढवळलं. बी असेल तर अर्ध्या मिनिटात गुठळ्या दिसतात. एक मिनिट गेलं. तीन मिनिटं. सरबतासारखं गुळगुळीत. पुन्हा केलं, दुसऱ्या बोटाचं. पुन्हा तेच.

ती बाटली मेलेली होती. त्या सकाळी तिने शाळेतला प्रत्येक बी पुसला. बी होते ते ओ झाले, एबी होते ते ए झाले. टाचणी बी असणार. एबी बाप, ओ आई, बी मुलगी. सरळ. तक्त्यात बसतं.

दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांकडून वदवून घेते: ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा एक नमुना शेजारी ठेवल्याशिवाय कुठलीही चाचणी खरी मानायची नाही. त्या दिवशी यांचं एक बोट टोचलं असतं तर पुरलं असतं. घरातला नमुना, सकाळ-संध्याकाळ समोर बसणारा. दिव्याखाली अंधार.

मोरीवर जाऊन ओकले. यांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "अगं, त्या माणसाने तुला तेव्हाच विचारलं होतं ना, ओळखपत्र चुकलं असेल का?" हो, विचारलं होतं. ग्रीसच्या हातांनी, गरीब तोंडाने विचारलं होतं. आणि मी काय म्हणाले ते या वहीत आहे. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

आज कुणाची किळस आली ते लिहायची गरज नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

परिपत्रकांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"बाई, हे लेखी कुठे दिलंय का?"

"नाही."

"मग देऊ नका. तपासणी तोंडावर आलीय. पुढच्या वर्षी ओळखपत्रांचा रंग बदलू, तेव्हा गटाचा रकानाच काढून टाकू."

"सर, एखाद्या मुलाला उद्या अपघात झाला तर? आणि ती मुलगी?"

"ती तर दाखला घेऊन चाललीच आहे ना?" असं म्हणाले आणि माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. त्यांच्या दातांत बिस्किटाचा लगदा होता. मी त्या लगद्याकडे बघत बसले. मूग गिळून बसायचं आणि वर बिस्किटं खायची!

बाहेर आले आणि नववीची सगळी ओळखपत्रं गळ्यांतून काढून बादलीत गोळा केली. आठवी आणि दहावीची मामा आणि नव्या बाईंनी केली. वकिलाने विचारलं, का बाई? म्हटलं, "माझी चूक झाली म्हणून." वर्ग एवढा शांत मी धाकानेही कधी केला नव्हता. पालकांना चिठ्ठ्या गेल्या, खाली माझी सही. परिपत्रकांनी स्पष्टीकरण मागवलंय. संदर्भ क्रमांकासह.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

टाचणीच्या बापाला शोधत गेले. एका सहा मजली इमारतीत लिफ्टच्या उघड्या खड्ड्यात उतरला होता. वरून हाक मारली. खाली काळं पाणी, चुरगळलेल्या पिशव्या, सडका वास. त्या वासात, कठड्याला धरून, मी त्याला सगळं सांगितलं. बाटली, मुदत, माझी चूक. माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा कुणा पालकाची.

त्याला दोनदा सांगावं लागलं. मग त्याने पाना खाली टाकला.

"म्हणजे पोरगी माझीच?"

"नक्की सांगायला नव्या बाटलीने तपासावं लागेल. पण बहुतेक..."

"माझीच!" खड्ड्यात उभा राहून तो हसायला लागला, डोळे पुसायला लागला. तोंडभर ग्रीस. "देवासारख्या आलात, बाई!"

मला वाटलं होतं शिव्या देईल. शिव्या बऱ्या होत्या.

"बायकोचं काय?" मी विचारलं.

"तिला सांगतो, झालं गेलं विसरून जा. चूक शाळेची होती." हे त्याने इतक्या चटकन म्हटलं की मी कठड्यावरचा हात काढून घेतला. चूक शाळेची, म्हणजे माझी, हे शंभर टक्के खरं. तरी त्याच्या तोंडून ऐकवेना. "आणि बाई, माझ्यासमोर तपासा. शाळेच्या शिक्क्याचा कागदही द्या. माझ्या भावांना दाखवीन."

म्हणजे भावांनाही सांगून झालं होतं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आज तपासलं. शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत. नव्या दोन बाटल्या, थर्मासात बर्फ घालून मी स्वतः आणलेल्या. आधी गणिताच्या बाईंनी बोट दिलं, त्या बी आहेत. पिवळीचा थेंब पडला आणि लगेच गुठळ्या झाल्या, लाल रव्यासारख्या. बाटली जिवंत होती.

टाचणी आईबरोबर आली. आई आत आली नाही, दारात उभी राहिली. बाप धुतलेला शर्ट घालून स्टुलावर बसला होता, नखांत मात्र काळं होतंच. त्याने "ये बेटा" म्हणून हात पुढे केला. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. त्याच्या नाही, माझ्या. मला ते सहन होईना.

तिने स्वतःच बोट पुसलं. सुई टोचली तेव्हा हलली नाही. निळीत काही झालं नाही. पिवळीत झाल्या, भराभरा, स्पष्ट.

"बी," मी म्हटलं. "तू बी आहेस. तुझ्या तक्त्यात काहीच चूक नव्हती. चूक माझी होती. मी खराब बाटली वापरली, आणि तुझ्या बाबांनी विचारलं तेव्हा तपासायच्या ऐवजी मिजास केली."

बापाने टाळी वाजवली. एकच, मोठी. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" दाराकडे बघून म्हणाला, "ऐकलंस का गं? बी आली!"

टाचणीने काचपट्टी उचलली, उजेडाकडे धरून नीट बघितली आणि खाली ठेवली. मग बापाकडे वळली. तास संपल्यावर शंका विचारते त्याच आवाजात म्हणाली,

"बाबा, आणि परत ओ आला असता तर?"

तो हसत होता, तसाच राहिला. "आला नाही ना पण."

"आला असता तर?"

"अगं, पण आला नाही ना! बाई, सांगा की हिला."

ती माझ्याकडे बघायला लागली. सव्वीस वर्षांत एकाही पोराला मी उत्तराशिवाय परत पाठवलेलं नाही. "तरी तू त्यांचीच." एवढं म्हणायला काय लागत होतं? साधे तीन शब्द. पण तिचा कान मी निरखला होता. बेकरीवरून वळसा घालून गेले होते. माझ्या तोंडून ते शब्द तिने कशाला खरे मानावेत? ते म्हणायचे होते त्या माणसाने, आणि तो अजून माझ्याकडेच बघत होता.

टाचणीने बोटावरचा कापूस काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला, दप्तर उचललं आणि आईकडे गेली. दोघी जिना उतरल्या. आईने एकदाही मागे बघितलं नाही. टाचणीने बघितलं की नाही, ते मला दिसलं नाही, कारण मधे तो उभा होता.

थोड्या वेळाने तो स्टुलावर परत बसला. म्हणाला, "बाई, तो शिक्क्याचा कागद?"

मी लिहून दिला. शाळेच्या कागदावर, तारीख घालून: रक्तगट बी. शिक्काही मारला. त्याने तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. नव्या बाई केव्हाच निघून गेल्या होत्या. मामा दार लावायला दोनदा येऊन गेले. काचपट्टीवरचा थेंब वाळून तपकिरी झाला, तरी तो उठेना.

"बाई," शेवटी म्हणाला, "तिनं असं का विचारलं असेल?"

मी काचपट्ट्या धुवत होते. पाण्याचा आवाज मोठा होता, म्हणून ऐकू आलं नाही असं दाखवलं.